उजव्या हाताची साक्ष

कराडच्या अलीकडे महामार्गावर एक मोठा फलक आहे. त्यावरचे आजोबा शर्ट वर करून पोटावरचे टाके दाखवतात आणि हसत विचारतात, ‘ऑपरेशन? कधी झालं?’ खाली लिहिलंय : अभयांकुर ट्रॉमा संशोधन केंद्र, समाधानी रुग्ण ९९.७ टक्के. उरलेल्यांची तक्रार कॅन्टीनच्या उपम्याबद्दल आहे असं तिथली माणसं सांगतात. मी तो उपमा खाल्लाय, त्यामुळे मला ते खरं वाटतं.

रेश्मा कणसे या केंद्रात बावीस वर्षं भूल-तंत्रज्ञ होती. म्हणजे नळ्या जोडणं, मशीन तपासणं, भूलतज्ज्ञ डॉक्टर मागतील ते त्यांच्या हातात देणं आणि टेबलावरच्या माणसाला ‘काही होत नाही हं’ असं सांगणं. भूलतज्ज्ञ डॉक्टर तीन वर्षांपूर्वी गेले. मेले नाहीत, लागेनासे झाले. ‘काही होत नाही हं’ एवढं मात्र अजून सांगावं लागत होतं, आणि ते आता एक मशीन आठ भाषांत सांगायचं.

हे कसं झालं ते कळायला थोडं रक्त सांडावं लागेल.

अपघातात माणसाचं बरंच रक्त गेलेलं असतं. शरीर नसा आवळून, हृदय पळवून उरलेल्या रक्तावर कसाबसा दाब टिकवून धरतं. अशा माणसाला नेहमीची भूल दिली की नसा सैल पडतात, हृदय मंदावतं आणि दाब कोसळतो. थोडी भूल दिली तर तो जागा राहतो, पुरेशी दिली तर तो उठत नाही. जगभरचे डॉक्टर या दोन्हींच्या मधून वाट काढत आले आहेत, आणि प्रत्येकाच्या हातून कुणी ना कुणी सुटलेलं आहे. डॉ. हृषीकेश देवकुळे यांच्या हातून एकवीस वर्षांची एक मुलगी सुटली. ते त्या दिवशी जेवले नाहीत, आणि पुढची सहा वर्षं प्रयोगशाळेतून फारसे बाहेर आले नाहीत. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल फार बरं बोलणार नाही.

देवकुळ्यांनी प्रश्न उलटा केला. भूल दोन कामं करते : दुखू देत नाही आणि आठवू देत नाही. दाब कोसळतो तो पहिल्या कामापायी. मग नुसतं दुसरंच काम केलं तर? मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा बोटभर भाग असतो. आत्ता घडतंय ते कायमचं उतरवून ठेवणं हे त्याचं काम. देवकुळ्यांचं औषध त्याला दोन तासांच्या रजेवर पाठवतं. दाबाला धक्का लागत नाही. जोडीला स्नायू लुळे करणारं औषध दिलं की रुग्ण हलत नाही, आणि श्वास मशीन देतं. रुग्ण जागा असतो, त्याला सगळं कळतं, सगळं दुखतं, आणि दोन तासांनी त्यातलं काही घडलेलंच नसतं. औषधाचं नाव सुविस्मर. थिएटर पुसणाऱ्या इंदूमावशींनी पहिल्याच आठवड्यात ते बदलून ‘डस्टर’ केलं.

ज्यांचं रक्त रस्त्यावर सांडून आलंय, अशांसाठी ते औषध म्हणजे पुनर्जन्म होता. रेश्माने स्वतः पाहिलंय. ट्रकखालून काढलेली, एरवी टेबलावरच गेली असती अशी माणसं पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आली. तिथेच थांबायला हवं होतं. पण थांबण्यासाठी कुणाला तरी थांबावंसं वाटावं लागतं. व्यवस्थापनाच्या लक्षात आलं की डस्टर दिलेल्या माणसाला उलटी होत नाही, गरगरत नाही, तो पाऊण तासात चालत खाटेवर जातो आणि तासाभरात खाट रिकामी करतो. शिवाय भूलतज्ज्ञ मिळत नाहीत, आणि इथे तो लागतच नाही. मग हर्निया डस्टरवर. मग मूतखडे. मग बाळंतपणं.

नियमांची अडचण आली नाही, कारण नियमच बदलले. एका मोठ्या समितीने वेदनेची नवी व्याख्या केली : वेदना म्हणजे रुग्णाने सांगितलेला अप्रिय अनुभव. सांगितला नाही, तर अनुभव नाही. या व्याख्येखाली अकरा तज्ज्ञांच्या सह्या आहेत. सही करताना अकरापैकी एकाच्याही पोटात काही खुपसलेलं नव्हतं.

आता रेश्माच्या सवयीबद्दल. तिला हे काम भूलतज्ज्ञ डॉ. नसीम मुल्ला यांनी शिकवलं होतं. मुल्ला मॅडम जुन्या पद्धतीच्या, मशीनवर अर्धाच विश्वास ठेवणाऱ्या. स्नायू लुळे करणारं औषध शिरेत सोडायच्या आधी त्या रुग्णाच्या उजव्या हाताला, कोपराच्या खाली, ब्लडप्रेशरचा पट्टा बांधून फुगवायच्या. औषध रक्तातून जातं. पट्ट्याने रक्त अडवलं की ते पंज्यापर्यंत पोचत नाही. सगळं शरीर लुळं पडतं, पंजा तेवढा शाबूत राहतो. मग त्या तो पंजा आपल्या हातात घ्यायच्या आणि कानाशी वाकून म्हणायच्या, “दुखत असेल तर दाबा.” भूल नीट लागली असेल तर पंजा गप्प राहायचा. दाबला गेला, तर मॅडम औषध वाढवायच्या. एवढंच. यासाठी कुणी त्यांना पदक दिलं नाही.

नव्या कार्यपद्धतीत ‘हस्तसंपर्क अनावश्यक’ असं लिहून आलं. रेश्मा हिरव्या चादरीखाली पट्टा बांधत राहिली. पहिल्या साध्या, न घाईच्या ऑपरेशनला तिने सवयीने विचारलं, “दुखत असेल तर दाबा,” आणि त्या पंज्याने तिची दोन बोटं अशी धरली की तिला ओठ चावावा लागला.

ती देवकुळ्यांकडे गेली. “सर, हात दाबतात.”

“रिफ्लेक्स असतो तो.”

“विचारलं की दाबतात. नाही विचारलं की नाही दाबत.”

देवकुळे हसले. वाईट हसले नाहीत, थकलेल्या माणसासारखं हसले. “रेश्मा, तासाभराने त्याच माणसाला विचार ना. काय म्हणतो बघ.”

तिने विचारलं. तो माणूस म्हणाला, “काय मस्त झालं हो ऑपरेशन.” आणि चहा मागितला.

त्यानंतर ती सरांकडे गेली नाही. विचारत राहिली, हात धरत राहिली, आणि आपण निदान हात तरी धरतो असं स्वतःला सांगत राहिली. तीन वर्षं.

तीन वर्षांनी पित्ताशयात खडे झाले ते तिच्या नवऱ्याला.

धनाजी कणसे कराड डेपोत कंडक्टर. अठ्ठावीस वर्षं नोकरी, आठ महिन्यांवर निवृत्ती. सोनोग्राफीत खडे दिसले त्या दिवशीच त्याने अभयांकुरला नाव लावून टाकलं आणि घरी येऊन सांगितलं.

“रद्द करा,” रेश्मा म्हणाली. “मी मिरजेला नेते तुम्हाला. तिथं अजून भूल देतात.”

“नंबर कधी लागंल?”

“तीन महिन्यांनी.”

“तीन महिने हे पोटात घेऊन तिकिटं देऊ? परवा इस्लामपुरात पोट धरून पायरीवर बसलो. पोरं म्हणतात, मास्तर, ब्रेक लागला का.”

“अहो, तुम्ही जागे असणार. पोटाला भोकं पाडतील ती कळणार तुम्हाला.”

“कळू दे की.”

“दुखणार.”

“मग आत्ता काय गुदगुल्या होतायत व्हय?” त्याने कप बाजूला सरकवला. “आबा पवाराचं तिथंच झालं, त्याला विचारलं मी. म्हणतो, टोपी घालून आत गेलो, टोपी काढून बाहेर आलो. मध्ये काय नाय.”

“मध्ये आहे. मी बघितलंय.”

“त्यानं नाही ना बघितलं. मग झालं तर.”

रेश्माने कप उचलला. धनाजी तिच्याकडे न बघता म्हणाला, “भूल म्हणजे तीच ना, दादाला दिली होती ती?”

त्याचा थोरला भाऊ चाळिसाव्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनला गेला होता. त्याला भूल दिली, ती उतरलीच नाही. धनाजी तेव्हा दाराबाहेर डबा घेऊन बसला होता.

“तसं लाखांत एकाला होतं,” रेश्मा म्हणाली.

“आमच्या घरातलं ते एक माणूस होतं.” त्याचा आवाज चढला नाही. “दुखलं तर दुखलं. मी आत्ता सांगतो ना, माझी परवानगी आहे. पण उठायला पायजे.”

त्याने संमतीपत्र वाचून सही केली. सगळी सात पानं. कंडक्टर माणूस, कुठलाही कागद उलटसुलट बघितल्याशिवाय सोडत नाही. ‘प्रक्रियेदरम्यान अनुभव संभवतो, तथापि तो टिकत नाही’ या ओळीवर त्याने बोट ठेवलं, मान हलवली आणि खाली लफ्फेदार सही ठोकली.

मंगळवारी सकाळी नऊला त्याला टेबलावर घेतलं. नातेवाइकाने थिएटरात काम करायचं नाही असा नियम आहे, पण त्या दिवशी तीन टेबलं आणि दोन तंत्रज्ञ होते. आकडेमोडीपुढे नियम गप्प बसतात. ऑपरेशन स्वतः देवकुळे करणार होते. कर्मचाऱ्याचा नवरा म्हणून.

रेश्माने उजव्या हाताला पट्टा बांधून फुगवला. चादर ओढली. डस्टर गेलं, मग लुळं करणारं औषध गेलं, मशीन श्वास द्यायला लागलं. आठ भाषांचं मशीन मराठीत म्हणालं, “काही होत नाही हं.” रेश्मा धनाजीच्या कानाशी वाकली.

“अहो, मी आहे. दुखलं तर दाबा.”

देवकुळ्यांनी बेंबीपाशी पहिला छेद दिला.

पंजा आवळला. तिला तो सवयीचा होता, म्हणून ती बोटं घट्ट धरून उभी राहिली. तीन वर्षांत तिने ते सगळे प्रकार पाहिले होते : सोडत नाहीत ते, थरथरतात ते, नखं रुतवतात ते. पण हा पंजा आवळला आणि लगेच सुटला. मग काहीच नाही. दुसरं भोक पाडलं. पंजा पुन्हा एकदा आवळला आणि सुटला. एकदाच. नेमका, कोरडा, कामातला.

एसटीत दोन बेल म्हणजे चला. एक बेल म्हणजे थांबा. धनाजीच्या उजव्या हाताने अठ्ठावीस वर्षं दोरी ओढून गाड्या थांबवल्या होत्या. रेश्मा लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्या गाडीतून माहेरी गेली तेव्हा तो तिला फुशारकीने म्हणाला होता, ड्रायव्हर रेड्यासारखा असला तरी माझी एक बेल ऐकतो.

“सर,” रेश्मा म्हणाली, “थांबा म्हणतायत.”

“कोण?”

“पेशंट.”

देवकुळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. नाडी बहात्तर. दाब एकशे तीस. एकही आकडा हलला नव्हता, कारण तो हलू न देण्याचं औषध मशीनच देत होतं. “छान चाललंय,” ते म्हणाले आणि गॅस वाढवला.

पोट नगाऱ्यासारखं फुगलं. पंजा आवळला, सुटला.

रेश्मा परत वाकली. “अहो, चालू ठेवायचं असलं तर डबल द्या.”

ती थांबली. हिरव्या चादरीखाली, जगात दुसऱ्या कुणाला दिसत नव्हता असा एक माणूस विचार करत होता. त्याने सही करणाऱ्या धनाजीचं ऐकलं असतं तर दोनदा दाबलं असतं. त्याने एकदा दाबलं.

भिंतीवर लाल खणात जुनी औषधं असतात, डस्टरची ॲलर्जी आलीच तर म्हणून. तिला तो खण उघडायचा अधिकार नव्हता. तिने तो उघडला, वेदनाशामक भरलं, दुधासारखं पांढरं झोपेचं औषध भरलं, आणि दोन्ही शिरेत सोडून परत हात धरला. अर्ध्या मिनिटात पंजा सैल पडला. नुसता हात झाला. वजनाचा, गरम, झोपलेला.

दाब वीसने खाली आला तेव्हा देवकुळ्यांनी वर पाहिलं. “काय दिलंस?”

“झोप.”

“तुला कळतंय का तू काय केलंस?”

“बावीस वर्षांतली एकोणीस वर्षं करत होते तेच.”

देवकुळ्यांनी ऑपरेशन पूर्ण केलं, आणि उत्तम केलं. हातमोजे काढताना म्हणाले, “मी हे कुठे लिहीत नाहीये. घरी जा.” यात दया होती, हे मान्य करायला हवं. दयेत त्यांची सोयही होती, हेही.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण धनाजी उठला तोच मुळी तीन तासांनी, आणि उठल्याउठल्या त्याला दोनदा उलटी झाली. डोकं गरगरायला लागलं. शेजारच्या खाटेवरचा मूतखड्यावाला तोवर पोहे खाऊन घरी गेला होता. रेश्मा घरून पेज घेऊन येईपर्यंत धनाजीच्या हातात समाधान-पाटी आली होती, आणि पाच ताऱ्यांपैकी दोन देऊन त्याने डेपोतल्या भाषेत लिहिलं होतं : ‘श्री. आबा पवार यांना उलटी झाली नव्हती. मला झाली. सबब योग्य ती चौकशी व्हावी, ही विनंती.’

चौकशी झाली. अभयांकुरमध्ये तक्रार इतकी दुर्मीळ होती की तिच्यासाठी एक समिती तीन वर्षं नुसती बसून होती. तिच्या अध्यक्ष मृण्मयी खाडिलकर, पद मुख्य समाधान अधिकारी. लाल खणाची नोंद मशीनने आपोआप ठेवली होतीच. गुरुवारी दुपारी रेश्माला बोलावलं, तक्रारदार म्हणून धनाजीला बोलावलं. देवकुळे समितीचे सदस्य होते, त्यामुळे ते आधीच बसलेले होते.

खाडिलकरबाईंचा आवाज फार गोड होता. “रेश्माताई, तुम्ही विनापरवाना औषध दिलंत, त्यामुळे कणसेसाहेबांना त्रास झाला. का दिलंत, तेवढं सांगा.”

“त्यांना दुखत होतं.”

“त्यांना?” बाई धनाजीकडे वळल्या. “साहेब, तुम्हाला दुखलं?”

“नाही बा,” धनाजी म्हणाला. त्याला रेश्माने अजून काही सांगितलं नव्हतं. दोन दिवस तो ओकत होता, आणि ती कुठून सुरुवात करू ते शोधत होती.

“मग कुणाला दुखलं?”

“यांनीच सांगितलं मला,” रेश्मा म्हणाली. “उजव्या हातानं. सिंगल बेल दिली.”

धनाजीची मान हळूच तिच्याकडे वळली.

“सिंगल?”

“हो.”

“एकदाच?”

“चारदा. शेवटी मी म्हटलं, चालू ठेवायचं असलं तर डबल द्या. तर परत सिंगल.”

“आणि गाडी?”

“चालूच होती.”

खाडिलकरबाईंनी गोंधळून देवकुळ्यांकडे पाहिलं. देवकुळे म्हणाले, “हाताच्या स्नायूंची अनैच्छिक हालचाल असते ती, तिला अर्थ नसतो.”

“डॉक्टर,” धनाजी म्हणाला, “माझा हात बेल कधी अशीच देत नाही.” तो उठून उभा राहिला. टाके ओढले गेले असणार, कारण त्याने टेबल धरलं. “पेठनाक्याला एका ड्रायव्हरनं सिंगल बेलवर गाडी थांबवली नव्हती. दारात म्हातारी होती. त्याला मी कॉलर धरून मॅनेजरपुढे उभा केला होता. तुमच्या वर कोण असतंय?”

“कणसेसाहेब, बसा ना. तुम्हाला हे बेलचं आठवतंय का?”

“नाही.”

“मग ही ऐकीव माहिती झाली.”

“माझ्याबद्दलची?”

“तुमच्याबद्दलची, पण तुम्हाला नसलेली. आणि संमतीपत्रावर तुमची सही आहे.”

“सही मी केली,” धनाजी म्हणाला. “बेल त्यानं दिली.”

“त्यानं म्हणजे?”

“टेबलावरच्यानं. त्याला कुणी विचारलं? मी बाहेर चहा पिऊन त्याच्या वतीनं सही केली, उठलो आणि त्याच्याच वतीनं तारे दिले. तो मधला बोंबलत होता, त्याचं काय?”

देवकुळ्यांचा चेहरा लाल झाला. “तुम्हाला माहितेय हे औषध का केलं मी? एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर...”

“माहितेय सर,” रेश्मा म्हणाली. “तिच्यासाठी केलंत. तिला दिलं असतंत तर मी तुमच्या पाया पडले असते. यांना पित्ताशयाचे खडे होते. यांना झोप देता येत होती.”

यावर देवकुळे काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी इथे लिहिलं असतं. मला त्यांच्यासाठी ते करायला आवडलं असतं.

निकाल चार वाजता आला. रेश्मा कणसे निलंबित. यापुढे रुग्णाचे दोन्ही हात चादरीच्या आत पट्ट्यांनी बांधले जातील, जेणेकरून कर्मचाऱ्यांचा गैरसमज होणार नाही. वेदनेची तक्रार फक्त ज्याला वेदना झाली तो रुग्णच करू शकतो, स्वतःच्या सहीने. श्री. कणसे यांच्या उलटीबद्दल केंद्र दिलगीर आहे, सोबत कॅन्टीनचं कुपन.

घरी आल्यावर धनाजी पायातल्या चपलेसकट खुर्चीत बसला.

“माझ्या आधी किती जणांनी दाबला?”

“मोजले नाहीत.”

“पण दाबला.”

“विचारलं त्या सगळ्यांनी.”

“आणि तू काय केलंस?”

“हात धरला.”

“लाल खण कितीजणांसाठी उघडलास?”

रेश्माने पेजेचा डबा धुवायला घेतला. नळ मोठा सोडला.

“फक्त माझ्यासाठी,” धनाजी म्हणाला.

“नवरा आहात तुम्ही माझे.”

“नवराबिवरा काय नाय. बेल कुणी ओढली हे बघून गाडी थांबत नसती. बिनतिकिटाच्यानं ओढली तरी थांबवायची. तीन वर्षं तू काय हात धरून उभी होतीस? देवळात दर्शनाला गेल्यासारखी?”

ती वळली. “आणि तुम्ही? ‘दुखलं तर दुखलं’ कोण म्हणालं? मी सांगत होते. घसा कोरडा पडला माझा. तेव्हा टेबलावरचा तुमचा कुणी लागत नव्हता. आज बरा पुळका आला. सरांना सांगितलं तर सर हसले. पेशंटला सांगितलं तर पेशंट चहा मागतो. कुणापुढे ओरडायचं होतं मी? सांगा ना.”

दोन दिवस एकाच घरात त्यांनी वेगवेगळ्या वेळी जेवणं केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी धनाजीने निकालाचा कागद परत काढला, चष्मा लावला आणि सात पानं वाचली होती तसा तो वाचला. मग कागद तिच्यापुढे ठेवून एका ओळीवर बोट टेकवलं. स्वतःच्या सहीने.

“माझी सही धरायचे नाहीत,” तो म्हणाला, “कारण मी तुझा नवरा आहे आणि तू शिकवलंस म्हणतील. पन्नास जणांच्या सह्या नाकारता यायच्या नाहीत. तुला नावं आठवतात?”

तिला सगळी आठवत होती. ती एकटीच तर होती आठवणारी.

पहिलं घर तांबव्यातलं. मंगल साळुंखे, पिठाच्या गिरणीवाल्या, गर्भाशयाचं ऑपरेशन दीड वर्षापूर्वीचं. गिरणी चालू होती आणि बाईंच्या केसांवर, भुवयांवर पीठ बसलं होतं. धनाजी पोट सांभाळत बाहेरच्या बाकावर बसला.

“अगं बाई, अभयांकुरच्या ताई ना तुम्ही?” मंगलताई गिरणीच्या आवाजावर ओरडून म्हणाल्या. “या की. ते माझं ऑपरेशन, बाई, इतकं झकास. मी आमच्या दोन्ही जावांना तिकडंच पाठवलं.”

रेश्माचे पाय उंबऱ्यावरच थांबले. समोर एक सुखी बाई उभी होती. तिचं काहीही बिघडलेलं नव्हतं. ते बिघडवायला आपण बसभाडं खर्चून आलोय, असं रेश्माला क्षणभर वाटलं. मग त्या दोन जावा आठवल्या. थोरलीला तिने स्वतः टेबलावर घेतलं होतं.

“तुम्हाला त्यातलं काय आठवतं?”

“काय नाय. आत गेले, बाहेर आले.”

“मला आठवतं,” रेश्मा म्हणाली. “गिरणी जरा बंद करता?”

गिरणीचा पट्टा मंदावत मंदावत थांबला. रेश्माने सांगितलं. पहिल्या छेदापासून, काहीही न गाळता. मंगलताई धान्याच्या डब्यावर बसून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी आपला उजवा हात समोर धरून, दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला.

“मी ओरडत होते म्हणता?”

“हातानं.”

“आणि तुम्ही काय केलंत?”

रेश्माने पिशवीतून दोन कागद काढले. एक तक्रारीचा, कोरा. दुसरा तिने रात्रभर लिहिलेला, खाली तिची सही. त्यात लिहिलं होतं की मी हात धरला होता, मला सगळं कळत होतं, लाल खण चार पावलांवर होता, आणि मी तो उघडला नाही.

“हे आधी वाचा,” ती म्हणाली. “मग सही करायची का ते ठरवा. माझ्याविरुद्ध करायची असेल तर तीही करा.”

“बाहेर बसा,” मंगलताई म्हणाल्या.

दोघं बाकावर बसले. एक माणूस ज्वारीचं पोतं घेऊन आला, बंद गिरणीकडे बघत थोडा वेळ उभा राहिला आणि पोतं तिथेच टेकवून बिडी ओढत बसला. आतून काहीच आवाज येत नव्हता. मग एकदा डबा जोरात आपटल्याचा आला. परत शांतता.

मंगलताई दारात आल्या तेव्हा भुवयांवरचं पीठ ओलं झालं होतं. दोन्ही कागद त्यांच्या हातात होते, आणि दोन्हींवर सही होती. रेश्माकडे न बघता त्यांनी ते धनाजीकडे दिले.

“पुढं कुणाकडं चाललाय?”

“सुपन्यात एक गुरुजी आहेत,” धनाजी म्हणाला.

“त्या आधी आमच्या थोरल्या जावेकडं जायचं. हितंच, मारुतीच्या मागं.” त्यांनी पोतंवाल्याला हाताने उद्या ये म्हणून खूण केली आणि गिरणीचं दार ओढून घेतलं. “थांबा. चपला घालते.”